पृथ्वीची सावली : वरळीच्या समुद्रापासून माणच्या माळापर्यंत

वाचकहो, प्रवासाचा लेख म्हटला की कुणी काश्मीरला जाऊन आलेले असते, कुणी सिंगापूरला. आमचा प्रवास एवढा मोठा नाही. वरळीच्या चाळीतून समुद्राच्या कट्ट्यापर्यंत, तिथून नेहरू तारांगणापर्यंत आणि शेवटी सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत. एस.टी.च्या तिकिटात बसणारा प्रवास. पण या फिरण्यात आमच्या घरातल्या लहानथोरांनी जे पाहिले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही पृथ्वी पाहिली. निदान तिची सावली तरी नक्की पाहिली.

सुरुवात धाकट्याच्या प्रश्नाने झाली. तो तिसरीत, थोरली सहावीत. २०२५ सालच्या वार्षिक परीक्षेचे दिवस होते. तो मोठ्याने पाठ करत होता, "पृथ्वीचा आकार चेंडूसारखा गोल आहे." मध्येच थांबून म्हणाला, "पप्पा, चेंडूसारखी गोल आहे, तर खालची माणसं पडत कशी नाहीत?"

मी पालिकेतला नोकर माणूस. ड्युटीवरून दमून आलो होतो. म्हटले, "पुस्तकात आहे तेवढं पाठ कर." तेव्हा थोरली हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्हालाही माहीत नाही ना?"

खरेच माहीत नव्हते. "पृथ्वी गोल आहे" हे वाक्य मी शाळेत एका गुणासाठी पाठ केले आणि पेपरात उतरवून मोकळा झालो. गुरुजी म्हणाले म्हणून गोल. उद्या टीव्हीवरचा कुणी ज्योतिषी म्हणाला की ग्रहणात बाहेर पडू नका, तर तेही आपण असेच मानणार काय? तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ परंपरेने आले म्हणून किंवा कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून स्वीकारू नका. विहारात दर रविवारी हे ऐकायचे आणि घरी येऊन पोराला म्हणायचे, पाठ कर! मला माझीच लाज वाटली. त्याच रात्री ठरवले, मुलांना पृथ्वी गोल आहे हे सांगायचे नाही. दाखवायचे.

समुद्राचा कट्टा

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे वरळीच्या समुद्रावर गेलो. मी, सौ., दोन्ही मुले आणि माझी आई. कामावरच्या एका मित्राकडून दुर्बीण मागून आणली होती. भेळ खाऊन झाल्यावर थोरलीने दुर्बीण डोळ्याला लावली. दूरवर एक मालवाहू जहाज चालले होते. तिला जहाजावरच्या उंच खोल्या दिसत होत्या, पण खालचे धूड काही दिसेना. धाकट्याने दुर्बीण ओढून घेतली आणि ओरडला, "पप्पा, जहाज बुडतंय!"

शेजारी कोळीवाड्यातले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. ते हसले. त्यांनी सांगितले की जहाज बुडत नाही, समुद्राच्या उतारापलीकडे जाते आहे. होडी घेऊन बाहेर निघालो की आधी किनाऱ्याची वाळू आणि खडक दिसेनासे होतात, मग झाडे, आणि शेवटपर्यंत उंच इमारतींची टोके दिसत राहतात. परत येताना उलट, आधी टोके वर येतात. आयुष्यभर त्यांनी हे पाहिले होते.

पृथ्वी पाटासारखी सपाट असती तर दूर जाणारे जहाज लहान लहान होत गेले असते, पण सगळेच्या सगळे. आधी खालचा भाग आणि मग वरचा, असे गेले नसते. पाण्यापासून पाच मीटर उंचीवरून पाहणाऱ्या माणसाला समुद्र सुमारे आठ किलोमीटरपर्यंतच दिसतो. त्यापलीकडे पाणी वाकून खाली जाते. जितके उंच चढावे तितके क्षितिज लांब सरकते. म्हणून तर जुन्या गलबतांवर टेहळणी करणारा माणूस डोलकाठीवर चढत असे.

सूर्य मावळायला आला तेव्हा आम्ही आणखी एक गंमत केली. सूर्याकडे कधीही टक लावून पाहू नये, दुर्बिणीतून तर मुळीच नाही, हे मी मुलांना आधीच बजावले होते. सूर्य तांबडा होऊन त्याची शेवटची कड पाण्यावर उरली, तेव्हा मी धाकट्याला खांद्यावर घेतले. थोरली खाली कट्ट्यावर बसली. ती म्हणाली, "गेला!" आणि वरून हा ओरडला, "मला अजून दिसतोय!" दोन-तीन सेकंदांचाच फरक. पण तेवढ्याने पोराला कळले की उंचावरच्या माणसाला वळणापलीकडचे थोडे जास्त दिसते.

मग सौ.ने नागपूरला तिच्या बहिणीला फोन लावला. तिकडे सूर्य केव्हाच मावळून काळोख पडू लागला होता. नागपूर आपल्या पूर्वेला, म्हणून तिथे सूर्य मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि आधीच मावळतो. अरुणाचल प्रदेशात तर गुजरातच्या पश्चिम टोकापेक्षा सुमारे दोन तास आधी दिवस उजाडतो. सगळ्यांच्या घड्याळात मात्र एकच वेळ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाणाऱ्यांनी हा फरक एकदा घड्याळ लावून पाहावा.

सावली हरवली तो दिवस

पंधरा मे हा दिवस आमच्या मुलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल खूण करून ठेवला होता. मुंबईत वर्षातून दोनच वेळा, १५ मेच्या आणि २७-२८ जुलैच्या सुमारास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. आपल्याला वाटते की रोज बारा वाजता सूर्य डोक्यावरच असतो. तसे नाही. एरवी तो थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला कललेलाच असतो.

चाळीच्या पटांगणात थोरलीने स्टीलचा पेला उपडा ठेवला. धाकट्याने एका पाइपाचा तुकडा उभा केला. बघता बघता वीस-पंचवीस पोरे जमली. ढग येत-जात होते. साडेबारा वाजून गेले, बारा पस्तीसला ऊन लख्ख पडले आणि पेल्याची सावली पेल्याखालीच गेली. पाइपाची सावली नाहीशी झाली. पोरे आपापल्या पायांकडे पाहू लागली. एक लहानगी तर रडवेली होऊन म्हणाली, "माझी सावली कुठे गेली?"

नागपूरच्या मावशीने हाच खेळ २६ मेला केला, दुपारी बारा दहाला. आमच्या माणमध्ये हा दिवस मुंबईच्याही चार-पाच दिवस आधी येऊन गेला होता. आता विचार करा. सूर्य फार दूर आहे, म्हणून त्याचे किरण सगळ्या गावांवर एकमेकांना समांतर येतात. जमीन पाटासारखी सपाट असती, तर सगळीकडे सावली एकाच दिवशी हरवली असती. ती गावागणिक वेगळ्या दिवशी हरवते, कारण आपण वाकलेल्या जमिनीवर उभे आहोत.

याच सावलीवरून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनीस नावाच्या विद्वानाने पृथ्वीचा घेर मोजला. सायीनी गावात ज्या दिवशी सूर्य डोक्यावर येई, त्याच दिवशी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला असे. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६०. ७.२ अंश म्हणजे त्याचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधल्या अंतराची पन्नास पट केली की पृथ्वीचा घेर! आजच्या मोजणीने उत्तर-दक्षिण एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर आहे. त्याला ३६० ने गुणा. चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास उत्तर येते. थोरलीने हा गुणाकार खडूने पटांगणातच केला. विमान नाही, रॉकेट नाही. एक काठी, तिची सावली आणि गुणाकार.

तारांगणातली रात्र

मुंबईत रात्र असते, पण आकाश नसते. दिव्यांच्या उजेडात चार-दोन तारे दिसले तर दिसले. म्हणून शाळा सुरू होण्याआधी आम्ही वरळीच्या नेहरू तारांगणात गेलो. हे तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. माझा जन्मही त्याच सालातला. पालिकेच्या शाळेची सहल म्हणून मी तिथे एकदा गेलो होतो आणि आरामखुर्चीत चक्क झोपलो होतो. या वेळी जागा राहिलो.

दिवे मंद झाले, घुमटावर मुंबईची संध्याकाळ उतरली आणि मग शहराचे दिवे विझवावेत तसा एकदम काळोख झाला. हजारो तारे! आई माझा हात धरून म्हणाली, "आरं, ह्ये तर आपल्या गावचं आभाळ." तिला सप्तर्षी ओळखता आले, कृत्तिका ओळखता आल्या. लहानपणी पहाटे उठून कामाला जाताना वेळ कळायला घड्याळ नव्हते, तारे होते. शाळेचे तोंड न पाहिलेली माझी आई नातवंडांना बोटाने तारे दाखवत होती आणि मी, दहावी पास झालेला, ऐकत होतो.

सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांतून रेघ वाढवली की ध्रुवतारा सापडतो, हे बऱ्याच जणांना माहीत असते. पण ध्रुव किती उंच दिसतो यावरून आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते कळते, हे मला नवे होते. हात लांब करून मूठ धरली, तर मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. मुंबईत ध्रुव उत्तर क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर. दिल्लीत जवळजवळ तीन मुठी. कन्याकुमारीला एक मूठसुद्धा नाही. उलट दक्षिणेकडचा अगस्त्य हा तेजस्वी तारा आपल्याकडे हिवाळ्यात चांगला दोन मुठींच्या जवळपास वर येतो, दिल्लीला तो क्षितिजालगत राहतो, आणि त्याहून फार उत्तरेकडच्या देशांत तो उगवतच नाही. चालत चालत माणूस वळणावरून जातो, तसे मागचे तारे बुडतात आणि पुढचे वर येतात. समुद्रातल्या जहाजाची गोष्ट आणि ताऱ्यांची गोष्ट एकच.

बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांवर आले. धाकट्याने विचारले, "आता तारे कुठे गेले?" थोरली म्हणाली, "आहेत तिथेच आहेत. सूर्याचा उजेड हवेत पसरतो, त्यात ते दिसत नाहीत. घुमटात दिवे लागल्यावर गेले ना, तसे." सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. त्यांतला निळा रंग हवेच्या कणांवर आपटून चहूकडे जास्त विखुरतो, म्हणून दिवसाचे आकाश निळे. संध्याकाळी उजेडाला तिरके, हवेच्या जाड थरातून यावे लागते. निळा वाटेतच विखुरतो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. हवाच नसती तर भरदुपारीही आकाश काळे दिसले असते. चंद्रावर हवा नाही, तिथे ते तसेच दिसते.

माणच्या माळावर

सात सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. ते गावच्या आकाशात पाहायचे असे मुलांनी ठरवून टाकले. माण तालुका पर्जन्यछायेतला, तेव्हा ढग त्यातल्या त्यात कमी असतील असा हिशेब. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकांनी रस्ते बंद होण्याआधी, पहाटेच आम्ही एस.टी. गाठली. पुणे गेले, फलटण गेले, मोगराळे घाट चढून गाडी वर आली आणि उघडे माळ दिसू लागले. आई खिडकीला तोंड लावून बसली होती. दहिवडीला उतरून आम्ही जीपने गावात पोचलो.

गाडी घाट चढताना धाकट्याचा जुना प्रश्न पुन्हा निघाला होता. खालची माणसे पडत का नाहीत? मी पिशवीतले मोसंबे काढले. म्हटले, "ह्याच्यावर मुंगी फिरते. मुंगीला खाली म्हणजे कुठे? मोसंब्याकडे. पृथ्वी सगळ्यांना आपल्या मध्याकडे ओढते. त्या ओढीच्या दिशेलाच आपण खाली म्हणतो. अमेरिकेतल्या पोरालाही त्याचे पाय खाली आणि आकाश वर वाटते." पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी मागे वळून विचारले, "मग ती फिरते तर आपल्याला समजत कसं नाही?" मुंबईच्या जागी पृथ्वीची फिरण्याची गती ताशी सुमारे १,५८० किलोमीटर आहे. पण ती एकसारखी आहे, आणि जमीन, पाणी, हवा, आपण, सगळेच बरोबर फिरतो. गुळगुळीत रुळांवरून एका चालीने जाणाऱ्या गाडीत डोळे मिटले तर गाडी चालल्याचे कळत नाही, तसे. आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हेच समजावले आहे : नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे हे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. ग्रहण सावलीने होते हेही त्याने सांगितले होते.

घरी पोचलो तर वेगळेच वातावरण. दादाच्या सुनेला, म्हणजे आईच्या नातसुनेला, सातवा महिना होता. तिच्या माहेराहून दोनदा फोन येऊन गेला होता : ग्रहणात बाहेर पडू देऊ नका, चाकू-विळी हाती देऊ नका, संध्याकाळपासून काही खायला देऊ नका. वहिनी म्हणाली, "भाऊजी, आपण काही मानत नाही. पण उगाच कशाला? पोटात जीव आहे." भिंतीवर बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर, आणि तिच्याखाली हे बोलणे. वाचकहो, मी वहिनीला दोष देत नाही. भीती पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली असते, ती भाषणाने जात नाही. मी गप्प बसलो.

बोलली ती आई. जेवणे झाल्यावर ओट्यावर बसून तिने मुलांना सांगितले ते मी माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांत प्रथमच ऐकले. धर्मांतराच्या आधीची गोष्ट. ती सहा-सात वर्षांची होती. ग्रहण लागले की आमच्या लोकांनी गावातून हिंडत ओरडायचे, "दे दान, सुटे गिराण!" राहू-केतू हे अस्पृश्यांचेच, आणि यांना दान दिले की ते चंद्राला सोडतात, अशी समजूत. गावोगावी महार-मांगांच्या वाट्याला ही चाल आली होती. आई तिच्या आईचा पदर धरून अंधारात दारोदार गेली होती. वरून सुपातले जोंधळे ओट्यात पडायचे, शिवू नये म्हणून लांबून टाकलेले. एका दारात कुत्रे अंगावर आले, ती पडली आणि सांडलेले दाणे अंधारात चाचपून वेचले. १९५६ नंतर आमच्या वस्तीने गिराण मागणे सोडले. "सोडलं खरं," आई म्हणाली, "पन गिराण म्हंजी काय, ह्ये कुनी दावलं न्हाई."

मी विचार करत राहिलो. ग्रहण हा सावलीचा खेळ आहे हे या देशात दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते. मग माझ्या आईच्या ओट्यात ते दाणे का आले? ज्ञान होते, पण ते आमच्या वस्तीपर्यंत येऊ दिले नव्हते.

ग्रहणाची रात्र

रात्री साडेनऊला आम्ही विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकल्या. वस्तीतली पोरे आली, पोरांबरोबर आया आल्या. थोरलीने आधी प्रयोग करून दाखवला. बॅटरी म्हणजे सूर्य, मोसंबे म्हणजे पृथ्वी, बोराएवढी चिकणमातीची गोळी म्हणजे चंद्र. पृथ्वी मोसंब्याएवढी धरली, तर चंद्र बोराएवढा आणि दोघांत सात-साडेसात फुटांचे अंतर. सूर्य मात्र दोन मजली घराएवढा, आणि तो जवळजवळ एक किलोमीटरवर! मोसंब्याची सावली गोळीवर पडली आणि ती काळी झाली. मग तिने एक ताटली घेतली. ताटली समोर धरली तर सावली गोल, आडवी धरली तर नुसती रेघ. मोसंबे कसेही फिरवा, सावली गोलच. "ग्रहण कधीही लागो, पृथ्वीची सावली गोलच पडते. म्हणून ती ताटलीसारखी नाही, चेंडूसारखी आहे," असे तिने सांगितले. हा मुद्दा ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी मांडलेला आहे. अगदी चेंडू नव्हे, विषुववृत्ताकडे पृथ्वी थोडी फुगीर आहे. पण १२,७०० किलोमीटरच्या व्यासात फरक जेमतेम ४३ किलोमीटरचा. हातभर चेंडूवर तो डोळ्यांना दिसणारही नाही.

ढग होते. मधून मधून चंद्र दिसे, पुन्हा झाकला जाई. नऊ सत्तावन्नला सावली चंद्राच्या कडेला लागली. ढग सरले तेव्हा साऱ्यांनी पाहिले, चंद्राला चावा घेतल्यासारखे, आणि चाव्याची कड वाकडी. "गोल आहे!" धाकटा ओरडला. चंद्रापेक्षा सावलीचे वर्तुळ अडीच पटीहून मोठे असते, म्हणून तिचा थोडाच भाग चंद्रावर दिसतो. पण कड गोल आहे हे पोरालाही कळते. चंद्राच्या पूर्वेला थोड्या अंतरावर एक पिवळसर ठिपका स्थिर चमकत होता. मी सांगितले, हा शनी. म्हाताऱ्या काका म्हणाले, "साडेसातीवाला तो ह्योच? एवढासा?" सगळे हसले.

अकरा वाजता चंद्र पूर्ण सावलीत गेला. काळा मात्र झाला नाही. तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा लालसर दिसू लागला. पृथ्वीभोवतीच्या हवेतून वाकून जाणारा थोडा उजेड चंद्रावर पडतो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेने जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, त्या साऱ्या पहाटा आणि सांजा मिळून चंद्राला तो रंग देतात. सगळे शांत झाले. चांदणे गेल्यामुळे आकाशभर तारे उमटले, वरळीच्या घुमटातल्यासारखे.

तेवढ्यात मागे पावले वाजली. नातसून आली होती, वहिनी तिचा हात धरून. आशाताईंनी तिला दुपारीच सांगितले होते की ग्रहणाने बाळाला काही होत नाही, उपाशी मात्र राहू नकोस. आईने तिला शेजारी बसवले आणि फडक्यात बांधून आणलेली भाकरी-चटणी तिच्या हातावर ठेवली. "खा," म्हणाली. पोरीने एकदा वर चंद्राकडे पाहिले, एकदा सासूकडे. मग घास घेतला.

आई बराच वेळ वर बघत होती. तिने विचारले, "मंजी ती सावली आपलीच व्हय?"

"व्हय आई. आपलीच. पृथ्वीची."

"मंग आमी कुनाला सोडवाया दान मागत व्हतो?"

मला उत्तर देता आले नाही. एके काळी आमच्या माणसांची सावली अंगावर पडली तरी विटाळ होत असे. त्या रात्री चंद्रावर जी सावली पडली होती तीत आमची वस्ती होती आणि वरचा वाडाही होता. दोन्हींना वेगळे करणारी रेघ त्या सावलीत नव्हती. बारा बावीसला चंद्राची कड उजळली. पोरे सतरंजीवरच झोपून गेली होती. एक वाजून सव्वीस मिनिटांनी सावली पूर्ण सुटली तेव्हा आई आणि मी दोघेच जागे होतो. कुणी दान दिले नव्हते, तरी चंद्र सुटला होता.

आणि दिवसाचा चंद्र

मुंबईला परत आल्यावर चार-पाच दिवसांनी धाकटा शाळेत जाताना गॅलरीतून ओरडला, "पप्पा, चंद्र! दिवसा!" पश्चिमेला ढगांच्या फटीत फिकट, कडेने झिजलेला चंद्र होता. चंद्र रात्रीचाच असतो असे आपण समजतो, पण महिन्यातले कितीतरी दिवस तो उजेडीही आकाशात असतो. पौर्णिमेनंतर सकाळी पश्चिमेला पाहावे, अष्टमीच्या सुमारास दुपारनंतर पूर्वेला. पाहायला पैसे पडत नाहीत.

पालकांनो, एवढे करून पाहा. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर मोसंबे फिरवा, त्यावर आपल्या गावाच्या जागी टिकली लावा आणि मुलांना दिवस कसा होतो, रात्र कशी होते ते दाखवा. एका वैशाख पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत रोज चंद्राचे चित्र वहीत काढायला लावा. सावलीची काठी अंगणात रोवा. वाचनालयातून डॉ. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' आणून मोठ्या मुलांना द्या. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, पुस्तक आहे. आणि मुलाने विचारलेला प्रश्न आपल्याला येत नसेल तर "पाठ कर" म्हणू नका. "मलाही माहीत नाही, चल, बघू या" म्हणा.

दिवाळीच्या सुमारास दादाचा फोन आला. नातसून सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. आईने फोन हातात घेऊन पहिले विचारले, "वट, नाक, समदं बरं हाय ना?" तिकडून हसण्याचा आवाज आला. "समदं बरं हाय, आजी."

जयभीम!